चौथी खुंटी

पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी आधी पांढरे हातमोजे चढवले,
मग तिला पालथी घालून
पाठीवरच्या पत्र्यावरचा आकडा भिंगातून वाचला.
सहा अंकी. सुरुवातीला शून्य.
कुंद्याच्या दुकानापुढे सुटतं
तसं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

'त्र्याहत्तर साल. जपानी.
अमेरिकेची नक्कल करता करता
नक्कल अस्सलाच्या पुढे गेली, तेव्हाची.'
मान मेपलची, तीन फाळी चिकटवून केलेली,
मधल्या फाळीचे तंतू उलटे,
म्हणून पन्नास वर्षं चार जाड तारांचा ओढा सोसून
केसभर वाकली नाही.
वर शिसवाची पट्टी, वीस पडदे.
धड मधोमध मधाचं, कडेला जात जात काळं.
'या रंगाला तंबाखू म्हणतात,' ते म्हणाले.
अनामारी हसली. निपाणीची ती,
वखारीच्या दारात वाढलेली.
तिला तंबाखूचा रंग सांगूलालेत.

इनास बार्देस्करने ही बास वास्कोच्या धक्क्यावर
बोटीतल्या आचाऱ्याकडून घेतली:
सातशे रुपये रोख, वर एक शिवणयंत्र.
शिवणयंत्र अनामारीचं होतं.

मग ऑर्केस्ट्रा झंकार. मॅटाडोरच्या टपावर
गोकाक, चिकोडी, खानापूर, गडहिंग्लज.
गाणं ज्या भाषेत असेल त्या भाषेच्या खालून ती चालायची,
गटारावरच्या फरशीसारखी:
आहे तोवर कुणी बघत नाही.

तारांच्या टोकाला क्रोमचं झाकण.
'हे कुठे मिळत नाही,' गृहस्थ हळू आवाजात म्हणाले,
'लोक काढून फेकतात.'
आतला स्पंज कधीच सडला होता,
त्या जागी इनासने घोंगडीचा तुकडा कोंबलेला.
गृहस्थांनी त्याचाही फोटो काढला.
तारांच्या खालच्या अंगाला लाकडी ठोकळा,
त्यात बोटं अडकवून अंगठ्याने छेडायची जुनी रीत.
इनास तिथे विडी टेकवायचा. डाग आहे.

मग ते खुंट्यांपाशी आले. एक, दोन, तीन.
चौथीपाशी थांबले.

शहाऐंशी साली संकेश्वरच्या जत्रेत
एकाने मराठी गाणं मागितलं, दुसऱ्याने कन्नड,
तिसऱ्याने दगड मारला.
दुसऱ्या दिवशी इनास उद्यमबागला माझ्या लेथपाशी उभा,
मोडकी खुंटी रुमालात, तुटलेल्या दातासारखी.
आम्ही पंपाचे व्हॉल्व्ह करायचो.
रात्रपाळीत उरलेल्या गनमेटलमधून ओतली,
वीस दातांचं चक्र हाताने कापलं,
मुकादम चहाला गेला तेवढ्यात आटे पाडले.
चार ग्रॅम जास्त भरली.
तेव्हापासून ती गळ्यात घातली की
डोकं जरासं खाली झुकायचं.
इनास म्हणायचा, लाजूलालीय.

'ही ओरिजिनल नाही.'
चाळीस हजार कमी.
मी नखातलं ग्रीस बघत बसलो.

'वाजवून तरी बघा,' अनामारी म्हणाली.
'मी वाजवत नाही, जमवतो.'

तेव्हा तिने बास मांडीवर ओढली,
लाकडी ठोकळ्यात चार बोटं रुतवली
आणि अंगठ्याने एकेक तार दाबून सोडली.
कधी शिकली, कुणास ठाऊक.
इनास गेल्यापासून दोन वर्षं हिला हात लागला नव्हता,
तीन तारा उतरून ढिल्या पडलेल्या.
चौथी निघाली
आणि टेबलावरच्या बशीत कप थरथरला.
मला सूर कळत नाहीत, आटे कळतात.
अनामारी म्हणाली, 'ही हलली नाही.'

गृहस्थ वहीत लिहीत होते.
'काय लिहूलालासा?'
'एक खुंटी बदललेली.'
'तसं नको. उद्यमबाग लिहा.'
त्यांनी पेन उचललं. 'हे कंपनीचं नाव का?'
अनामारीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, हो.